तबकडीचे आयुर्मान

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल जतन करून ठेवलेले आहेत. अठराव्या शतकातील हिशेब, पत्रे, याद्या, सनदा असे नाना प्रकारचे कागद त्यांत बांधलेले असून त्यांपैकी बहुतेक मोडी लिपीत, हातकागदावर आणि काळ्या शाईने लिहिलेले आहेत. १८१८ मध्ये मराठी राज्याचा शेवट झाल्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ इतिहासाच्या अभ्यासकांना हे दप्तर मोकळेपणाने पाहावयास मिळाले नाही. पुढे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या अवधीत त्यातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. रुमालाच्या गाठी सुटल्या तेव्हा अक्षर जागच्या जागी होते. शतकभर अभ्यासकांचा हात लागला नव्हता, तरी कागदाने आपल्याजवळचा मजकूर सोडलेला नव्हता.

या चित्राच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवून पाहावे. १९९५ ते २०१० या पंधरा वर्षांत जे जे जपावेसे वाटले ते ते लोकांनी एका चकचकीत तबकडीवर उतरवून ठेवले. लग्नाची छायाचित्रे, मुंजीचे चित्रीकरण, आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, एखाद्या गवयाची घरगुती बैठक, संशोधकाने खेडोपाडी हिंडून जमविलेली गाणी, संस्थांचे हिशेब आणि कचेऱ्यांचे अभिलेख, सारे काही सीडीवर गेले. तबकडीवर नाव व तारीख घालून ती कपाटात ठेवली गेली आणि ठेवणारा निश्चिंत झाला. पंधरावीस वर्षांनी तीच तबकडी बाहेर काढली तर ती पूर्वीसारखीच चकाकते. परंतु यंत्रात घातल्यावर ती काही वेळ फिरते, अडखळते आणि शेवटी वाचता येत नाही असा निर्वाळा यंत्र देते. हा अनुभव असंख्य घरांनी घेतला आहे आणि मोठमोठ्या ग्रंथालयांनीही घेतला आहे. जी वस्तू जवळजवळ अविनाशी म्हणून घरात आली, ती एका पिढीच्या आत मुकी का व्हावी, याचा इतिहास फार जुना नाही. मात्र त्याची पूर्वपीठिका थोडी मागे जाऊन पाहिली पाहिजे.

ध्वनी साठविण्याची पहिली खरी लोकप्रिय वस्तू म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. एमिल बर्लिनर या संशोधकाने १८८७ मध्ये तिचा पाया घातला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या तबकड्या मुख्यतः लाखेच्या बनत असत आणि ती लाख भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतून जात असे. पळस, बोर, कोशिंब यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या एका क्षुद्र कीटकाच्या स्रावावर जगातील संगीत कोरले जात होते. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्यास गोहरजान यांचे गायन मुद्रित झाले, तेव्हा मूळ मुद्रण मेणावर होऊन ते जर्मनीतील हॅनोव्हर येथे गेले आणि तेथील कारखान्यात छापलेल्या तबकड्या परत भारतात आल्या. सांगावयाचा मुद्दा हा की ही तबकडी छापील पुस्तकासारखी होती. धातूच्या साच्याखाली दाबून तिच्यावरील रेषा उमटविलेली असे. तबकडी पडली तर फुटे, सुईने झिजे, परंतु नुसती ठेवून दिली तर ती दीर्घकाळ टिके. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या तबकड्या आजही वाजतात.

परंतु नभोवाणी केंद्रांना आणि संशोधकांना कारखान्याची वाट पाहणे शक्य नव्हते. त्यांना मुद्रण केल्याबरोबर ऐकता येईल अशी तबकडी हवी होती. १९३४ च्या सुमारास अशी तबकडी बाजारात आली. ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर सेल्युलोज नायट्रेटच्या लुकणाचा थर चढविलेला असे आणि तो थर मऊ राहावा म्हणून त्यात एरंडेल मिसळलेले असे. यंत्राची सुई या थरात थेट रेषा कोरी. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनिअमची टंचाई झाल्यावर पत्र्याऐवजी काचेचाही उपयोग झाला. भाषणे, लोकगीते, युद्धकाळातील वार्ता अशा कितीतरी गोष्टी या तबकड्यांवर उतरल्या, आणि बहुधा प्रत्येकीची एकच प्रत असे. काही दशकांतच त्यांच्यावर पांढरट मेणचट थर दिसू लागला. एरंडेलाचे विघटन होऊन त्यातील मेदाम्ले पृष्ठभागावर येत होती. तेल निघून गेल्यामुळे लुकण आकसले. पत्रा मात्र आकसेना. परिणामी थराला तडे जाऊन त्याचे पोपडे सुटू लागले. दिसण्यात लाखेच्या तबकडीची ही बहीण, पण प्रकृतीने अगदी निराळी. कारखान्यात छापलेली वस्तू आणि हाताने तत्काळ लिहिता येणारी वस्तू यांतील हा भेद त्या काळीच स्पष्ट झाला होता. पन्नास वर्षांनंतर तोच भेद पुन्हा पुढे आला, तेव्हा त्याची आठवण फार थोड्यांना राहिली होती.

कॉम्पॅक्ट डिस्क म्हणजेच सीडी ही हॉलंडच्या फिलिप्स आणि जपानच्या सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सिद्ध केली. १९८२ च्या ऑक्टोबरात ती जपानमध्ये विक्रीस आली. तिचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकवर अतिसूक्ष्म खळगे साच्याने उमटवून त्यांवर ॲल्युमिनिअमचा पातळ पापुद्रा चढवीत आणि त्यावर लुकणाचा एक संरक्षक हात देत. खळग्यांची ही वाट मध्यापासून बाहेरच्या कडेकडे गोल गोल जाते. तिचे दोन वेढे एकमेकांपासून केवळ १.६ मायक्रॉन अंतरावर असतात, आणि ती उलगडून सरळ केली तर तिची लांबी पाच किलोमीटरांहून अधिक भरेल. सुईऐवजी लेसर किरणाने ती वाचली जात असल्यामुळे घर्षणाची झीज होत नाही. जाहिरातदारांनी यावरून परिपूर्ण आणि सर्वकाळ टिकणाऱ्या ध्वनीचे आश्वासन दिले. त्यातील झिजेविषयीचा भाग खरा होता. सर्वकाळ हा शब्द मात्र कोणी पारखून घेतलेला नव्हता.

छापील सीडीच्या बाबतीतही लवकरच एक इशारा मिळाला. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न येथील कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या अनेक तबकड्या काही वर्षांनी कडेपासून तपकिरी पडू लागल्या. त्यांत ॲल्युमिनिअमऐवजी चांदीचा थर होता आणि वरचे लुकण वेष्टनाच्या कागदातील गंधकापासून त्या चांदीचे रक्षण करू शकले नाही. देवघरातील चांदीची उपकरणी काळी पडतात त्याच जातीचा हा प्रकार. फरक एवढाच की उपकरणी चिंचेने घासून पुन्हा उजळता येतात. तबकडीतील अर्धपारदर्शक झालेला थर उजळण्याचा उपाय नाही. तरीही हा एका कारखान्याचा दोष म्हणून मागे पडला, आणि बहुसंख्य छापील सीडी आजही उत्तम वाजतात. याच विश्वासाच्या बळावर लिहिता येणारी सीडी लोकांच्या हाती आली.

या दुसऱ्या तबकडीचा जन्म १९८८ चा. जपानच्या तायो युडेन या कंपनीत एमिको हामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य यंत्रावर वाचता येईल अशी, एकदाच लिहिता येणारी तबकडी सिद्ध केली. तिला सीडी-आर असे नाव पडले. तिच्यात खळगे नसतात. पॉलिकार्बोनेटवर एक कोरा सर्पिल चर असतो, त्यावर सेंद्रिय रंगाचा पातळ लेप असतो, लेपावर सोन्याचा अथवा चांदीचा पापुद्रा आणि त्यावर लुकण. लिहिण्याच्या वेळी लेसरचा किरण अधिक प्रखर होऊन रंगाचा एकेक ठिपका तापवितो. तापलेल्या ठिकाणी रंगाचे स्वरूप बदलते आणि तेथून प्रकाश कमी परावर्तित होतो. वाचणाऱ्या यंत्राला तो ठिपका खळग्यासारखाच भासतो. लिहिणे म्हणजे येथे अक्षरशः भाजणे असल्यामुळे सीडी बर्न करणे हा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि तो मराठी घरांतही पोहोचला.

म्हणजे छापील सीडीत मजकूर हा प्लॅस्टिकचा आकार असतो, तर सीडी-आरमध्ये तो रंगातील फरक असतो. सारे मर्म या एका गोष्टीत आहे. हळदीत बुडविलेले कापड उन्हात वाळत घातले तर चार दिवसांत त्याचा पिवळा रंग उडतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. रंग हे रासायनिक द्रव्य असते. प्रकाश, उष्णता आणि ओलावा यांच्या योगे त्याचे रेणू तुटतात. याउलट पोथीची शाई ही काजळी आणि डिंक यांची असे. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन, आणि कार्बनावर प्रकाशाचा परिणाम होत नाही. कागद पिवळा पडला, कडा झिजल्या, तरी अक्षर काळेच राहते. नव्या युगाने आपला मजकूर काजळीवरून पुन्हा रंगावर आणला होता, परंतु तबकडीच्या झगमगाटात ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आली नाही.

पहिल्या तबकड्यांत सायनीन जातीचा रंग होता. तो प्रकाशास विशेष हळवा असल्याने त्याला स्थैर्य देणारी द्रव्ये त्यात मिसळावी लागली. पुढे मित्सुई कंपनीने थॅलोसायनीन हा रंग आणला. या कुळातील निळी व हिरवी रंगद्रव्ये १९३० नंतरच्या काळापासून छपाईच्या शाईत व रोगणात वापरात होती आणि त्यांचा पक्केपणा प्रसिद्ध होता. मित्सुबिशीने ॲझो जातीचा गडद निळा रंग वापरला. आरंभीच्या तबकड्यांवर सोन्याचा पापुद्रा असे. सोने गंजत नाही, काळे पडत नाही. त्यामुळे सोन्याच्या थराच्या थॅलोसायनीन तबकडीचे आयुष्य शंभर वर्षांहून अधिक असावे असा अंदाज कॅनडाच्या वारसासंवर्धन संस्थेने वर्तविला आहे. सायनीन तबकडीस तीच संस्था वीस ते पन्नास वर्षे देते. परंतु ग्राहकाने दुकानातून उचललेल्या तबकडीत कोणता रंग आहे हे वेष्टनावर क्वचितच लिहिलेले असे. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तबकड्यांचे भाव वेगाने उतरले, सोन्याची जागा चांदीने घेतली, उत्पादन नाना देशांत पसरले, आणि एकाच नावाखाली आज एका कारखान्याची तर उद्या दुसऱ्या कारखान्याची तबकडी विकली जाऊ लागली. स्वस्ताईमुळे ती घरोघर गेली, आणि तिची पारख अशक्य होऊन बसली तीही स्वस्ताईमुळेच.

तबकडी बिघडते ती अनेक वाटांनी. रंग उडाला म्हणजे लिहिलेला ठिपका आणि कोरी जागा यांतील भेद पुसट होतो. लुकणातून ओलावा व वायू शिरले म्हणजे चांदी गंजते. सीडीच्या बाबतीत लोकांचा एक गैरसमज हानिकारक ठरला. वाचण्याची, खालची बाजू नाजूक मानून ती जपली गेली; वस्तुतः त्या बाजूस सव्वा मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक आडवे असते. धातूचा थर असतो तो नावाच्या बाजूस, लुकणाच्या अत्यंत पातळ हातापलीकडे. त्यावर बॉलपेनने तारीख लिहिली की थर खरवडला जातो. कागदी चिठ्ठी चिकटविली तर तिची खळ लुकणाशी क्रिया करते, आणि चिठ्ठी काढू गेल्यास धातूही तिच्याबरोबर निघून येतो. १९९६ मध्ये आलेल्या डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटविलेल्या असतात. तेथे धातू मध्यभागी सुरक्षित राहतो, पण सांधा सुटण्याचे आणि कडेने ओलावा शिरण्याचे नवे भय उत्पन्न होते. शिवाय रेषा अधिक दाट असल्याने तेवढ्याच डागात अधिक मजकूर बुडतो.

उष्ण व दमट प्रदेशांत या साऱ्या क्रिया वेगाने होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये ग्रंथपालांसाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तबकड्या ४ ते २० अंश सेल्सियस तापमानात आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्या असे तीत सांगितले आहे. कोकणातील किंवा गोव्यातील आषाढ-श्रावण ज्याने अनुभवला आहे, त्याला हे आकडे वाचून घरच्या कपाटाची काळजी वाटल्यावाचून राहणार नाही. मध्य अमेरिकेतील बेलीझ या दमट देशातून आलेल्या एका सीडीवर चक्क बुरशीने वाटा पोखरलेल्या स्पॅनिश संशोधकांना आढळल्या. ॲल्युमिनिअम आणि प्लॅस्टिक या दोहोंची तिने नासाडी केली होती, आणि त्याचा वृत्तान्त २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. असा प्रकार विरळा असला, तरी अविनाशी म्हणविणारी वस्तूही हवामानाच्या तडाख्यातून सुटत नाही एवढे त्यावरून सिद्ध झाले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ही झीज हळूहळू होत असेल तर ती वेळीच ध्यानात का येत नाही? ग्रामोफोनची तबकडी झिजू लागली की खरखर वाढते आणि ऐकणारा सावध होतो. सीडी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत स्वच्छ वाजते आणि मग एकाएकी थांबते. याचे कारण तिच्यातील चूक-दुरुस्तीची योजना. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीचा तिला आधार आहे. मजकुराबरोबर काही अधिकचे आकडे लिहावयाचे, आणि सलग मजकूर सलग जागी न लिहिता दूर दूर विखरून ठेवावयाचा, अशी तिची रीत आहे. त्यामुळे वाटेवरील सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा भाग नष्ट झाला तरी उरलेल्या आकड्यांवरून तो पूर्ववत भरून काढता येतो.

भारतीय परंपरेला ही कल्पना सर्वस्वी अपरिचित नाही. वैदिकांच्या घनपाठात पहिले पद, दुसरे पद, मग दुसरे, पहिले, पुन्हा पहिले, दुसरे, तिसरे आणि उलट क्रमाने तिसरे, दुसरे, पहिले अशी पदे उलटसुलट म्हणतात. एखादे अक्षर ढळले तर पुढच्या आवर्तनात ते उघडे पडते. पुनरुक्ती हाच तेथे पाठाचा पहारा असतो. दोन्ही योजनांत मात्र एक मोठे अंतर आहे. घनपाठात चूक झाली की ती पाठशाळेतील गुरूच्या कानी पडते. सीडीतील चूक यंत्र मुकाट्याने सुधारून घेते आणि मालकाला त्याची वार्ताही लागत नाही. दर सेकंदाला २२० पर्यंत सदोष गट सीडीच्या मानकाने क्षम्य मानले आहेत. दोष पन्नासांवरून दोनशेंवर गेले तरी गाणे तेच ऐकू येते. दुरुस्तीची शक्ती संपते त्या क्षणी कडा कोसळावा तसे सारे एकदम कोसळते. रोगाची लक्षणे झाकणाऱ्या औषधासारखी ही योजना वागते. खास उपकरणाने दोषांची मोजणी केल्याशिवाय तबकडीची खरी प्रकृती कळत नाही, आणि अशी मोजणी सामान्य घरात कोणी करीत नाही.

आयुष्याचे जे अंदाज वर्तविले गेले ते कसे काढले, हेही पाहण्यासारखे आहे. शंभर वर्षे वाट पाहणे कोणालाच शक्य नसल्यामुळे तबकड्या ८० अंशांसारख्या उष्णतेत आणि तितक्याच दमटपणात शेकडो तास ठेवतात आणि त्यांतील दोषांची वाढ मोजतात. तापमान वाढले की रासायनिक क्रिया कोणत्या प्रमाणात जलद होते याचा नियम स्वीडनच्या स्वांते अरेनियस यांनी १८८९ मध्ये मांडला होता. त्या नियमाने उलट हिशेब करून सामान्य तापमानातील आयुष्य ठरविले जाते. अमेरिकेच्या उपरोक्त संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत थॅलोसायनीन रंग आणि सोने-चांदीच्या मिश्रणाचा थर असलेल्या तबकड्या सर्वांत स्थिर ठरल्या. इतरांत मात्र जातीजातींप्रमाणे फार मोठी तफावत दिसली. अशा हिशेबाने आजच्या नमुन्याविषयी काही सांगता येते. तेच नाव लावून पुढील वर्षी विकल्या जाणाऱ्या तबकडीविषयी तो काही सांगू शकत नाही.

या साऱ्याचा परिपाक म्हणजे युनेस्कोसाठी ऑस्ट्रेलियातील केविन ब्रॅडली यांनी लिहिलेला २००६ चा अहवाल. लिहिता येणाऱ्या तबकड्यांवर अभिलेखागारांनी विसंबून राहणे धोक्याचे आहे, आणि विसंबावयाचेच असेल तर लिहिल्याबरोबर व त्यानंतर ठरावीक काळाने त्यांची कसून तपासणी झाली पाहिजे, असे त्याचे सार आहे. अशी तपासणी करण्याचा खर्च जमेस धरला तर स्वस्त तबकडी स्वस्त राहत नाही. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने आणि तंत्रज्ञान अकादमीने २०१० मध्ये संख्यारूप माहितीच्या आयुष्याविषयी असाच सावधगिरीचा इशारा दिला. परंतु तोवर जगातील कपाटे भरून गेली होती.

यावर तोडगा म्हणून रंगच नको, असा विचार पुढे आला. २००९ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात एम-डिस्क नावाची तबकडी निघाली. तिच्यात सेंद्रिय रंगाऐवजी खनिज स्वरूपाच्या द्रव्यात कायमचे छिद्र पाडण्याची योजना होती, आणि ती हजार वर्षे टिकेल असा निर्मात्यांचा दावा होता. कल्पना शिलालेखाच्या जवळची आहे. तथापि शिलालेख वाचावयास डोळे पुरतात. तबकडीस यंत्र लागते. तायो युडेनने २०१५ मध्ये तबकड्यांचा व्यवसाय सोडला. सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन २०२५ च्या फेब्रुवारीत थांबविले. नव्या संगणकांत तबकडीचे यंत्र बसविण्याची चाल जवळजवळ मोडली आहे. रंग टिकला, चांदी टिकली, तरी वाचणारे यंत्र उरले नाही तर परिणाम तोच व्हावयाचा.

या इतिहासातून निष्पन्न होणारी गोष्ट तबकडीच्या निंदेची नाही. पेशवे दप्तराचा कागद उपेक्षा सोसू शकला. वाळवी, पाणी आणि आग यांपासून तो वाचला एवढे त्याच्या जगण्यास पुरेसे झाले. लिहिता येणारी तबकडी उपेक्षा सोसू शकत नाही. आजचे बहुतेक सर्वच संख्यारूप साठे याच जातीचे आहेत. सीडीची जागा ज्या उपकरणांनी घेतली त्यांनाही हे लागू आहे. कागदाच्या काळात इतिहासकार पूर्वजांच्या विस्मरणावरही जगू शकला, कारण विसरलेली पेटी पुढे कधीतरी उघडली जाई. १९९५ ते २०१० या काळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला ती सोय नाही. त्या काळातील जे कोणी आठवणीने पुढे नेले असेल तेवढेच त्याला मिळेल.

पुढे नेण्याची ही रीत मराठी भाषेच्या इतिहासात नवीन नाही. ज्ञानेश्वरी ज्ञानेश्वरांच्या काळाच्या मूळ पोथीत आज कोठे उरलेली नाही. ती उरली प्रतींच्या परंपरेत. प्रतींतून पाठभेद शिरले तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि त्या प्रतीच्याही पुन्हा प्रती झाल्या. ग्रंथ टिकला तो प्रत्येक पिढीत कोणीतरी लेखणी हाती घेतली म्हणून. संख्यारूप मजकुराला तर येथे एक मोठाच लाभ आहे. हाताने केलेल्या प्रतीत चुका वाढत जातात, आणि ध्वनिफितीची प्रत काढली की ध्वनी किंचित मलिन होतो. संख्यारूप मजकुराची प्रत मात्र मुळाशी अंकागणिक जुळते, आणि ती जुळते की नाही हे यंत्राकडून ताडूनही घेता येते. हा लाभ मूळ तबकडी वाचता येते तोवरच आहे. ती एकदा मुकी झाली की एकनाथांसारखा संशोधकही तेथे काही करू शकणार नाही, कारण ताडून पाहावयास दुसरी प्रतच नसेल.

म्हणून कपाटातील तबकड्यांच्या बाबतीत करावयाचे काम साधे आहे आणि त्याला मुदत आहे. ज्या आज वाचता येतात त्यांच्या प्रती आजच काढाव्या. एकाहून अधिक प्रती निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर आणि निरनिराळ्या गावी ठेवाव्या. दर काही वर्षांनी त्या उघडून पाहाव्या. एक यंत्र तबकडी नाकारीत असेल तर दुसऱ्या यंत्रावर ती वाचली जाते का हे पाहिल्याखेरीज ती टाकून देऊ नये, कारण यंत्रायंत्रांची वाचण्याची ताकद सारखी नसते. ज्या ध्वनिफितींवरून अथवा छायाचित्रांवरून तबकडी केली, ते मूळ अजून घरात असेल तर ते अडगळ समजू नये. कित्येकदा प्रतीच्या आधी मूळच अधिक काळ जगते.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखकाच्या हातची एक विनवणी आढळते. तीत पोथी स्वतःच बोलते. तेलापासून माझे रक्षण करा, पाण्यापासून करा, सैल बांधणीपासून करा, आणि मला मूर्खाच्या हाती देऊ नका, असे ती पुढच्या पिढीस सांगते. पाठ वाकवून, मान मोडून, महिनोन्‌महिने खपून ज्याने ती लिहिली, त्याला आपल्या श्रमांचे आयुष्य दुसऱ्यांच्या हाती आहे हे पुरते ठाऊक होते. तबकडीवर असे काही लिहिलेले नसते. तिच्यावर बहुधा एक नाव आणि एक तारीख असते, आणि त्या तारखेला आता वीसपंचवीस वर्षे होऊन गेलेली असतात.